खारासुराचा झगा

माझा धाकटा भाऊ निकेश कॉमिक काढतो. सुकापूरला दोन खोल्यांत एकटाच राहतो, दिवसा तळोज्याच्या कारखान्यात डब्यांवरची लेबलं बनवतो आणि सुट्टीला राक्षस रंगवत बसतो. पस्तिशी आली तरी लग्नाचं नाव काढत नाही. पण पनवेलची कॉलेजातली पोरं त्याला ‘सर’ म्हणतात. मी त्याची सख्खी बहीण विनिता, अर्धं आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलं, मला कुणी ‘मॅडम’सुद्धा म्हणत नाही. जळते मी त्याच्यावर. लपवायचं कशाला?

त्याचा खलनायक खारासुर. अंगात हिरव्या फुलाफुलांचा झगा, गळ्याभोवती पडद्याच्या पितळी कड्या. चित्र पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच ओळखलं. तो झगा माझा होता.

आमच्या आगरी घरांत हळदीला सगळी भावकी एकसारख्या कापडात मिरवते. काकाच्या लग्नाआधी बाबांचं भावकीशी जमिनीवरून वाजलं आणि आमच्या घरी ते कापड आलंच नाही. आईने बाजार पालथा घालून तसंच जांभळं कापड शोधलं, पण ते एकाच्याच अंगापुरतं मिळालं. शर्ट कुणाचा झाला, हे सांगायला नको. मला तिने खिडकीचा पडदा उतरवून फ्रॉक शिवला. कड्या उसवायलाही वेळ नव्हता. “पडदा आला, पडदा आला,” म्हणत मांडवभर पोरं माझ्यामागे धावली. आमचे साहेब जांभळा शर्ट घालून फोटोत मधोमध.

परवा वाचनालयात त्याच्या नव्या कॉमिकचा कार्यक्रम होता. एका मुलीने विचारलं, “सर, खारासुराला असाच वेष का?”

निकेश म्हणाला, “लहानपणी मला एक धक्का बसला होता. त्यातून आला तो.”

टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शर्ट यालाच, फोटो यालाच, आणि आता माझं दुःखसुद्धा यालाच! ते तरी माझ्या नावावर राहू द्यायचं होतं.

परतताना रिक्षात मी त्याला धरलंच. “निक्या, पडदा मी घातला. मला हसले सगळे. तुला रे कसला धक्का?”

तो म्हणाला, “ताई, पोरा हसली ता माना आठवत पन नाय. तू खांबाशी उबी होतीस, माज्या शर्टाकडं बगत. माजी ताई माज्याकडं तशी कदी बगली नव्हती. माना वाटला, ही आता माना जित्ता सोडनार नाय. लय दिस आयेला चिकटून झोपलो. आजून बी खारासुराचं डोळं काडाया घेतलं का तुजंच येतान.”

मला रडू यायला हवं होतं. पण त्याच्या मांडीवर ते नवं कॉमिक होतं, वर त्याचं नाव ठळक छापलेलं. माझी नजर तिथून हलेना.

“बग,” तो हळूच म्हणाला, “आता बी तशीच बगतेस.”