संगणकाला लावलेली लाख

‘सर, मेमरी लीक होऊन राहिली,’ असे बाई म्हणाल्या, तेव्हा त्या वाक्यातला एकच शब्द माझ्या कानात राहिला.

गोरेगाव तालुक्यातील एका हायस्कूलचा मी मुख्याध्यापक होतो. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षे झाली होती. बाई दवनीवाड्याहून दोन एसटी बदलून येत आणि शाळेच्या एकुलत्या संगणकावर टंकलेखन करीत. संगणक दान मिळालेला. आला तेव्हाच जुना होता. बाईंची नेमणूक वर्षावर्षाच्या कराराची. येत्या शनिवारी संस्थेची सभा होती आणि करार पुढे चालावा की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होते.

आमच्या व्यवसायात लीक होतो तो पेपर. आणखी काही लीक होते, हे मला ठाऊक नव्हते. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका त्याच यंत्रावर तयार होत होत्या.

पुढे काही न विचारता मी पाहू लागलो.

मराठी आणि इतिहासाच्या प्रश्नपत्रिका बिनबोभाट टंकित झाल्या. यंत्र बंद पडे ते गणिताच्या आणि इंग्रजीच्या दिवशी. नेमके हेच दोन विषय मुलांना जड. बाईंच्या खणात मला गणिताची अर्धवट छापलेली प्रत सापडली.

‘ही कशाला?’

‘मशीन बंद पडली का सारं टाइप केलेलं जाते, सर. म्हणून झालं तेवढं छापून ठेवलं.’

उत्तर तयार होते. तयार उत्तरांवर माझा विश्वास नसे. खणात एक वहीही होती. तिच्यात वेळा आणि त्यांच्यापुढे आकडे: चौऱ्याऐंशी, एकाहत्तर, बावन्न, तीस, नऊ, मग ‘बंद’. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौऱ्याऐंशीपासून उतरण. गुण असावेत तर नावे नव्हती. बाईंचे दीर गावात गणिताची शिकवणी घेतात, हे शिपायाने बोलता बोलता सांगितले. माझ्यापुरते एवढे पुरे होते.

मी अहवाल हाताने लिहिला. त्या यंत्रावर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. ‘गोपनीयतेबाबत संशय. करार वाढवू नये.’ घडी घालून माझ्या खणात ठेवला. मग शिपायाला लाख आणि मेणबत्ती आणायला सांगितले.

‘पेपरच्या गठ्ठ्याले का, सर?’

‘संगणकाला. फ्लॉपी घालतात त्या फटीवर.’

‘म्हणजे यंदा मशीनबी परीक्षेले बसली म्हणा!’ तो म्हणाला. मी हसलो नाही. फटीवर लाख ओतली आणि शाळेचा शिक्का दाबला. संध्याकाळी जाताना बाईंनी आपली पिशवी माझ्या टेबलावर रिकामी करावी, असा आदेशही काढला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बाई आल्या. शिक्का पाहून थबकल्या.

‘सर, हे कायले?’

‘तुम्हीच सांगितलेत, लीक होते आहे.’

त्या मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. यापूर्वी त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या.

‘सर, बाहेर काही नाही जात. आमच्या गावात लग्नाची भांडी साऱ्या गावाची आहेत. एकानं नेली, परत नाही केली. दुसऱ्यानं नेली, त्यानंही नाही केली. चोरी नाही झाली. भांडी गावातच आहेत. पण शेवटच्या लग्नाले भात शिजवाले गंज, पातेलं काही भेटत नाही. हा मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम तसाच आहे. मराठीतून इंग्रजीत गेलं का थोडी मेमरी घेते, परत देत नाही. गणितात एक्स-वाय येते. दर ओळीले अदलाबदल. वहीतले आकडे म्हणजे किती मेमरी शिल्लक, ते.’

पटण्यासारखे होते. म्हणूनच मला ते खरे वाटले नाही.

शुक्रवारी बाईंना ग्रंथालयात बसवले आणि संगणकापुढे मी बसलो. शिक्का शाबूत होता. दुपारपर्यंत एका बोटाने केवळ मराठी टंकित केले. पडद्याच्या कोपऱ्यात शिल्लक मेमरीचा आकडा दिसत होता: चौऱ्याऐंशीचे ब्याऐंशी झाले, एवढेच. जेवणानंतर गणित घेतले. मराठी, इंग्रजी, पुन्हा मराठी. आकडा उतरू लागला. वीसच्या खाली अक्षरे अर्धी दिसू लागली. नवावर पडदा निळा झाला. यंत्र पुन्हा सुरू केले: चौऱ्याऐंशी. पुन्हा तोच प्रयोग, पुन्हा तीच उतरण. तिसऱ्या खेपेला आकडा तिसावर आला तेव्हा संगणक चालू ठेवून फक्त तो मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम बंद केला. आकडा वर चढला. भांडी त्याच्याच घरात होती.

बाईंना बोलावले. ‘उपाय?’

‘दर पानाले तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायचा. पयलेच सांगणार होते, सर. तुम्ही लीकच्या पुढं ऐकलंच नाही.’

हे खरे होते.

पहिला अहवाल फाडला. दुसऱ्यात लिहिले: ‘काम चोख. करार चालू ठेवावा.’ खाली आणखी एक ओळ लिहावी लागली. लाख खरवडून काढली तेव्हा कळले की वितळलेली लाख फटीतून आत गेली होती आणि आता फ्लॉपी शिरत नव्हती. ‘हा बिघाड माझ्या हातून झाला आहे.’ संस्थेने करार वाढवला. बिघाडाविषयी कोणी विचारले नाही.

सोमवारी पाच वाजता बाईंनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. डबा, एसटीचा पास, छत्री, ती वही.

‘आता गरज नाही, बाई.’

‘राहू द्या, सर. तुम्हाले पाहायचं नसन तर नका पाहू.’

तोंडी सांगितले, लेखी आदेशही मागे घेतला. उपयोग झाला नाही. मी निवृत्त होईपर्यंत दोन वर्षे रोज पाच वाजता ती पिशवी माझ्यासमोर रिकामी होत असे. डबा, पास, छत्री. मी मान खाली घालून सह्या करीत असे.