पुसता न येणारी गोळी

अहेरीच्या पुढं जंगलातल्या एका लहान दवाखान्यात मी सिस्टर होती. औषधांच्या रजिस्टरात आम्ही बिनधास्त खाडाखोड करायचो, म्हणून नोंदींसाठी ब्लॉकचेन आलं. शिकवायला आलेले साहेब म्हणाले, "प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला साखळीसारखी बांधलेली असते. एकदा टाकली की कुणालाच पुसता येत नाही." मी मागं बसून हसली. म्हटलं, इथी नेटवर्क टिकत नाई, साखळी काय टिकते.

नेटवर्क यायचं सकाळी, तेही खिडकीपाशी घडीभर. म्हणून आम्ही आपली रीत काढली. आधी साऱ्या पेशंटच्या नावापुढं 'गोळी दिली' अशी नोंद टाकायची, मग गोळ्या वाटायच्या.

त्या दिवशी मिरगीच्या झटक्यांची एक म्हातारी भरती होती. सोबत तिची लेक, गोंडी बोलणारी. म्हातारीच्या नावापुढं 'दिली' टाकलं अन् तेवढ्यात बाळंतपणाची बाई आली. मी तिकडं पळाली, गोळी ट्रेमधीच राह्यली.

दुपारी म्हातारीले झटके सुरू झाले. इंजेक्शन मीच दिलं. डॉक्टरांनी स्क्रीन पाहिली. "सकाळची गोळी तर दिली आहे. मग झटके कसे आले?"

ट्रेमधली गोळी मले तिथूनच दिसून राह्यली होती. पण उचलली जीभ, लावली टाळूले. मी म्हणली, "थुकली असंल, सर. लेकीचं ध्यान नसंल."

डॉक्टर लेकीवर तापले. ती मान खाली घालून ऐकत राह्यली. चोर सोडून संन्याशाले फाशी, अन् चोर शेजारीच उभी. हे लिहितानाही कान गरम होऊन राह्यले. पण तेव्हा लाजेपेक्षा नोकरीची भीती मोठी होती. गोळी मी गुपचूप खिशात टाकली.

जुनी नोंद पुसता येत नसली तरी तिच्याखाली 'चूक झाली' अशी नवी नोंद जोडता यायची. साहेबांनी तेही शिकवलं होतं. तीन सकाळी मी खिडकीपाशी उभी राह्यली अन् दुसऱ्यांच्याच गोळ्यांच्या नोंदी टाकत राह्यली. ज्या साखळीले मी हसली, तिनं माझं खोटं मात्र इमानदारीनं जपलं.

म्हातारी वाचली. सुट्टी झाली तेव्हा लेक माझ्यापाशी आली. पदरात बांधून आणलेली चारोळी तिनं माझ्या हातावर ठेवली.

"बाई, माझं ध्यान नव्हतं," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "मायले मीच मारत होती. तुमी वाचवलं."

मी म्हणली, "होते असं कधी कधी." अन् चारोळी ठेवून घेतली.