प्रत्येक स्टेशनात थांबणारी गाडी

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला बादामीला न्यायचं ठरवलं, तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती आणि तोवर एकदाही नुसतं बघायला म्हणून कुठं गेली नव्हती. तिचे सगळे प्रवास लग्नाचे, मातीचे, नाहीतर दवाखान्याचे. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका कारखान्यात तिनं तीस वर्षं टॉवेलांना काठ शिवले. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दिवाळीला शाळेसोबत मलाही चार दिवस मिळतात, एरवी ते घर झाडण्यात जायचे.

मी एक्स्प्रेसचं तिकीट काढणार होते. आई म्हणाली, "नगं. परतेक टेसनात थांबती ती काढ."

"अगं, दिवस जाईल त्यात."

"जाऊ दे की. तुला काय ऑफिस हाय व्हय?"

मला वाटलं, पैसे वाचवायचे असतील. तिचा जन्म त्यातच गेलेला. मीही फार ताणलं नाही, कारण स्वस्तात झालं तर मलाही हवंच होतं.

सकाळी सोलापूर स्टेशनावर आम्ही पॅसेंजरमध्ये चढलो. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, दोन लुगडी आणि पाण्याची मोठी बाटली. आईनं खिडकी धरली. गाडी सुटली, टिकेकरवाडीला थांबली, आणि आई गजांना कपाळ टेकवून पुटपुटायला लागली. आधी मला वाटलं, बुद्धवंदना म्हणतेय. मग ऐकू आलं, "टि... के... कर... वा... डी."

ती पाटी वाचत होती.

आमच्या वस्तीतल्या विहारात एक निवृत्त बाई दुपारी बायकांना लिहायला-वाचायला शिकवतात. वंदनेचं पुस्तक स्वतः वाचायचं म्हणून आई तिथं वर्षभर जात होती, एवढं मला ठाऊक होतं. पण तिनं घरात कधी माझ्यासमोर वाचलं नव्हतं. लाजायची. मी विचारलं तर म्हणायची, "व्हतंय हळूहळू."

"आई, म्हणून तुला ही गाडी पाहिजे होती?"

खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "एक्स्प्रेस पळती. पाटी हातात घावत न्हाय. ही थांबती."

होटगी तिनं झटक्यात वाचलं. तडवळही आलं. मग आलं सुलेरजवळगे. तिनं सु म्हटलं, ले म्हटलं, र म्हटलं, ज वर अडकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. गाडी हलली. पाटी मागं सरकायला लागली तशी आई मान वळवत गेली. फलाट संपला, आणि बाहेर नुसती पिवळी फुललेली तूर दिसायला लागल्यावर ती सावकाश म्हणाली, "सुलेर. जवळ. गे. डोळ्यात ऱ्हायली व्हती पाटी."

तिच्या आवाजात असला ताठा मी कधी ऐकला नव्हता.

भीमेचा पूल ओलांडला आणि डब्यातली भाषा बदलली. इंडी रोडला एक बाई काकडीची टोपली घेऊन चढली. जागा नव्हती. आई सरकली आणि म्हणाली, "कुंद्री." बस म्हणाली तिला. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, कन्नड तिला लहानपणापासून येतं, पण माझ्यापुढं तिला ते बोलायची कधी वेळ आली नव्हती. पुढचा तासभर दोघी बोलत होत्या, हसत होत्या. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. डब्यात अडाणी अशी मी एकटीच होते. त्या बाईनं काकड्या चिरून मीठ लावून दिल्या आणि आमची शेंगाचटणी बोटानं चाटून संपवली.

विजापूरच्या पुढं आमची गाडी एका छोट्या स्टेशनात बराच वेळ थांबवली. मागून येणारी एक्स्प्रेस धडधडत निघून गेली. मी वैतागले. आईनं तेवढ्यात समोरची सगळी हिंदी अक्षरं वाचून काढली. पीने का पानी, स्टेशन मास्टर, थूकना मना है. त्या 'थूकना मना है'वर तर ती मनापासून हसली.

"आता कळलं. इतकी वर्सं मला वाटायचं, भिंतीवरचं ह्ये गावाचं नाव हाय."

आलमट्टीचं धरण गेलं, बागलकोट गेलं. दुपारच्या उन्हानं माझे डोळे मिटले. मी मोबाईलवर गाडी कुठवर आलीय ते बघून ठेवलं होतं, बादामीला अजून पाऊण तास होता. निवांत झोपले.

खांद्याला हिसका बसला. "ऊठ. आलं."

"अजून नाही आलं, आई. वेळ आहे."

"आलंय म्हंते ना."

मी मोबाईल काढला. रेंज नव्हती, आणि पडद्यावर मघाचंच चित्र गोठून बसलं होतं. "आपण अजून लांब आहोत. बस खाली."

"पाटीवर लिव्हलंय."

"तू नीट वाचलंस का?"

हा प्रश्न माझ्या तोंडून गेला आणि तिचा चेहरा क्षणभर पडला. मग तिनं पिशवी उचलली, काकडीवालीच्या रिकाम्या जागेवरून दाराकडं गेली आणि खाली उतरली. बासष्ट वर्षांची माझी आई परक्या मुलखातल्या फलाटावर एकटी उभी राहिली, आणि गाडीनं शिट्टी दिली. मी चपला हातात घेऊन पळत सुटले आणि उतरले तेव्हा डबा हलला होता.

गाडी निघून गेली. मी मान वर केली. तीन भाषांत लिहिलेली पिवळी पाटी होती आणि मधल्या ओळीत स्वच्छ अक्षरात 'बादामी'.

मी म्हणाले, "चुकले मी, आई."

"चपला घाल," ती म्हणाली. "पाय भाजतील." आणि रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करायला माझ्या पुढं निघाली. लॉजही तिनंच ठरवलं. मी पिशवी घेऊन मागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी चढलो. पायऱ्या उंच आणि माकडं धीट. दर टप्प्याला मी म्हणायची, इथवर पुरे. ती कमरेला पदर खोचून पुढच्या टप्प्याकडं बघायची. शेवटच्या लेण्यात एक मूर्ती शांत मांडी घालून बसलेली दिसली, तशी तिनं हात जोडले. पहारेकऱ्यानं सांगितलं, हे महावीर आहेत, हे जैनांचं लेणं.

"असू दे की," आई म्हणाली. "शांत बसल्यात, हेच लई झालं." आणि जोडलेले हात तसेच ठेवले.

बाहेर येऊन ती कठड्याशी एका दगडावर बसली. खाली मोठा तलाव होता, लाल डोंगर पाण्यात उतरलेला, आणि घाटाच्या पायऱ्यांवर बायका धुणं आपटत होत्या. आपटल्याचा आवाज वरपर्यंत थोडा उशिरा यायचा. आईनं पाय लांब केले, पदरानं मान पुसली.

"ती हिरव्या लुगड्याची बघ," ती म्हणाली. "कसली जोरात आपटती. फाडणार ते." मग बराच वेळ तशीच बघत राहिली, दुसऱ्यांचं धुणं, हात मांडीवर मोकळे ठेवून. मी उन्हाचं म्हणाले तरी ती उठली नाही. "बस गं," म्हणाली, "मला कुटं घाई हाय?"