भिंतीबाहेरची सगुणा

तार आली तेव्हा मी सांगलीच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. तारेत एवढंच होतं : सगुणा गेली, या. तार करणारा दानियल, तिचा नवरा. फौजेत राहून आलेला माणूस, चार शब्द बोलायचे तिथं दोन बोलणारा. मी मुलींना पाढे लिहायला सांगितले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं साताऱ्याला निघाले. तासगाव मागं पडलं, पुढं कऱ्हाड आलं, बायका डोक्यावर वैरणीचे भारे घेऊन चाललेल्या दिसत होत्या... रस्ताभर मला रडू आलं नाही. राग आला.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. साताऱ्याहून येणारा-जाणारा जो तो मला सांगतो की, सगुणाबाई फार श्रद्धाळू हो, एक उपासना म्हणून चुकवायच्या नाहीत, आता देवाच्या पायाशी शांत झाल्या. ऐकून ऐकून माझे कान किटले. सगुणा आणि शांत? तिला ओळखणाऱ्यानं तरी असं बोलू नये. ती एकही उपासना चुकवत नव्हती हे खरं आहे, पण का चुकवत नव्हती ते मला ठाऊक आहे आणि आज ते लिहून टाकायचं मी ठरवलंय. तिनं ते कधी लपवलं नाही, मग मी कशाला लपवू?

आम्ही दोघी साताऱ्यात मुलींच्या शाळेत मास्तरणी. मी जैन, विधवा, आईला घेऊन शाळेमागच्या खोलीत राहणारी. ती ख्रिस्ती, माहेर वडूजचं, राहायला सासऱ्याकडं कॅम्पात. वर्गात ती पुस्तकातलं मराठी बोलायची, पण राग आला की वडूज तोंडात यायचं. आणि राग तिला रोज यायचा. मला ती चंपे म्हणायची, सगळ्या शाळेदेखत. सासरा शांतवनमामा साहेबांच्या बंगल्यावर माळी होता. दानियल लढाईवर गेला तेव्हा तिला दिवस गेलेले होते.

मुलगा झाला तो पावसाळा सरल्यावर, जोंधळ्याला कणसं धरायच्या दिवसांत. बाळ अशक्त होतं, दूध ओढत नव्हतं. सगुणानं तिसऱ्याच दिवशी सासऱ्याला पाद्रीसाहेबांकडं पाठवलं, बाप्तिस्मा लगेच करा म्हणून. कॅम्पातल्या त्या दगडी चर्चचे पाद्री तेव्हा इंग्रज होते, म्हातारे, मराठी जपून बोलणारे. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी सुगीचा सण आहे. सारी मंडळी जमेल. तेव्हाच करू, शोभा येईल." सुगीचा सण म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये खांबांना ऊस आणि कणसं बांधतात, वेदीपुढं भोपळे, शेंगा, कोंबड्यासुद्धा आणून ठेवतात आणि देवाचे उपकार मानतात. पहिला नातू नव्या कणसांबरोबर देवापुढं न्यावा, अशी त्यांच्या मंडळीत हौसही होती. शांतवनमामा खूश होऊन आला. बाळंतिणीचं कोण ऐकतं? बाळ गुरुवारी गेलं.

शुक्रवारी पाद्रीसाहेब दारात उभे राहून म्हणाले, "बाई, मला फार दुःख आहे. परंतु बाप्तिस्मा न झालेल्यावर मृतसंस्काराची उपासना वाचता येत नाही. नियम माझा नाही." स्मशानाच्या भिंतीच्या आतही जागा मिळाली नाही. शांतवनमामानं भिंतीबाहेर, लिंबाच्या झाडापाशी, स्वतःच खड्डा काढला. कुणी काही वाचलं नाही. नाव बाप्तिस्म्यात ठेवतात, म्हणून त्याला नावही नव्हतं. सगुणा खाटेवर बसून भिंतीकडं बघत मला एवढंच म्हणाली, "येळ त्यांनी ठरवली, चंपे. आन् चुकली ती माझी व्हय?"

मला वाटलं होतं, ही आता त्या चर्चचं तोंड बघणार नाही. मी असते तर बघितलं नसतं. पण सव्वा महिना झाला आणि ती न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून माझ्या दारात आली. म्हणाली, चल माझ्याबरोबर. बाळंतपणातून सुटलेल्या बाईनं देवळात जाऊन उपकार मानायचे, अशी त्यांची एक छोटी उपासना असते. बाई मूल घेऊन येते, गुडघे टेकते, पाद्री तिच्यासाठी प्रार्थना वाचतो. सगुणा रिकाम्या हातांनी गेली आणि गुडघे टेकून बसली. पाद्रीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "बाई, तुमची इच्छा आहे का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "ह्यात बाई जगली म्हणून आभार मानत्यात. मी जगलीय. वाचा." त्यांना वाचावं लागलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

परत येताना ओढ्याच्या पुलावर मी तिला धरलं. ज्यांनी तुझ्या लेकरावर दोन शब्द वाचले नाहीत त्यांच्या दारात कशाला जातेस, तुला काही मान आहे की नाही... असं बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी मेले की मला त्याच्या शेजारी ठेवायचं. भिंतीच्या भाईर. मग माज्यावर वाचतील ते त्याच्यावर बी वाचल्यागत हुईल का न्हाई? पन माज्यावर वाचायला त्यांनी न्हाई म्हनता कामा नये. कारनच ठेवनार न्हाई मी त्यांच्या हातात. एक उपासना चुकवनार न्हाई बघ." मी म्हटलं, तू काय आत्ता मरतेस का? तर हसली. "कवा बी मरीन की. तवर तयारी नगं?"

आणि मग जी तयारी सुरू झाली, ती मी डोळ्यांनी पाहिली. त्या चर्चमध्ये रविवारी सकाळी आधी साहेब लोकांची इंग्रजी उपासना व्हायची, ऊन चढल्यावर मराठी मंडळीची. सगुणा मराठीला असायचीच, पण महिन्यातून एकदा पहाटे प्रभुभोजन असे, प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, तिथंही जायची आणि मडमांच्या रांगेत वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायची. एकाच पेल्यातून सगळे पितात म्हटल्यावर माझी आई शहारली होती. एका मडमेनं पाद्रीसाहेबांकडं तक्रार केली म्हणतात, पण कठडा कुणाच्या बापाचा नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. वर्षातून एकदा, राखेच्या बुधवारी, म्हणजे त्यांचे उपासाचे दिवस लागतात तेव्हा, त्यांच्यात शाप वाचतात. हो, शाप. अमुक करणारा शापित असो, असं पाद्री म्हणतो आणि लोक आमेन म्हणतात. त्यात शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्यालाही शाप आहे. त्या ओळीला मंडळीतले दोन-चार बागाईतदार खोकायला लागायचे, कारण आपल्या भागात बांध कोरला नाही असा शेतकरी शोधून काढावा लागेल. सगुणाचं आमेन त्या ओळीला सगळ्यांत मोठं असायचं. बाहेर आल्यावर म्हणायची, "खोकला कुनाकुनाला झाला बघितलंस का?"

बाप्तिस्म्याच्या वेळी तर ती स्वतःची कळशी घेऊन जायची. दारापाशी दगडी कुंड होतं, त्यात पाणी भरायचं काम तिनं न विचारता अंगावर घेतलं. मंडळीत कुणाकडं बाळंतपण झालं की ही दुसऱ्या दिवशी तिथं हजर. "सनाची वाट बघू नका. म्हाराजाची सवारी येनार हाय का? उद्याच्याला न्या," म्हणून घरच्यांच्या मागं लागायची, आणि तिथून निघाली की पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर. साहेब जेवत असले तर पायरीवर बसून राहायची. तिच्या कळशीतल्या पाण्यावाचून त्यानंतर एकही मूल त्या मंडळीत राहिलं नाही. सुगीच्या सणाला तेवढी ती कधी गेली नाही. त्या दिवशी एक कणीस घेऊन भिंतीबाहेर लिंबाखाली जाऊन बसायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "बाकीच्या समद्या उपासना पुस्तकात हायेत. ह्यो सन पुस्तकात न्हाई. बघितलंय मी." हे ती थंडपणानं सांगायची, आणि ऐकणाऱ्याला उगाच घाम फुटायचा. ज्या सणासाठी बाळाला थांबवलं, तो त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातच नव्हता.

पण माझ्या मनात राहिली ती तिची सायंप्रार्थना. दिवेलागणीला घंटा व्हायची. आम्हाला सूर्यास्ताच्या आत जेवावं लागतं, म्हणून ती मला आधीच बजावायची, "चंपे, जेवून घे. देव कुटं पळत न्हाई." मी घाईनं चार घास खाऊन तिच्याबरोबर जायची आणि मागच्या बाकावर बसायची. आई रोज म्हणायची, बाटणार आहेस तू एक दिवस. मी बाटले नाही, पण ती प्रार्थना मला पाठ झाली. त्यात पाद्री एक ओळ म्हणतो, लोक दुसरी म्हणतात, असं चालतं. एकदा आषाढात एवढा पाऊस की कुणीच आलं नाही. साहेबांनी रिकाम्या बाकांकडं बघितलं, पुस्तक मिटलं आणि दिव्याकडं हात नेला. सगुणा उभी राहिली. "मी आले न्हवं? वाचा." तो म्हातारा आणि ती, दोघंच. त्यानं ओळ म्हणायची, तिनं उत्तर द्यायचं. दाराबाहेर पाणी कोसळत होतं. एकमेकांशी इतका दावा असलेली दोन माणसं इतकं नीट बोलताना मी दुसरीकडं कुठं पाहिली नाहीत.

त्याच वर्षी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. शेजाऱ्याशी वैर असणाऱ्यानं प्रभुभोजनाला येऊ नये, असा त्यांच्यात नियम आहे, आणि पाद्री तसं सांगून माणसाला अडवू शकतो. तिथं अडवलं असतं तर सगळी तयारी मातीत गेली असती. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या मनात माझ्याविषयी वैर आहे का? खरे सांगा." सगुणानं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "मी भांडत न्हाई, साहेब. मी वाट बघतीय." त्या रविवारी त्यांनी तिच्या हातात भाकर ठेवली. माणूस वाईट नव्हता. मी त्यांना क्षमा मात्र केलेली नाही. ते काम माझं नव्हतंच, आणि ज्या लेकराचं होतं त्याला बोलता येत नव्हतं.

लढाई संपली, दानियल एक हात अधू करून परत आला. तिनं त्याला आधी घरी नेलं नाही, लिंबाखाली नेलं. पुढं इंग्रज गेले, साहेब गेले, सकाळची इंग्रजी उपासना बंद पडली. नगरकडचे एक तरुण मराठी पाद्री आले. माझी बदली सांगलीला झाली. ती पत्रात लिहायची, नवे पाद्री बरे आहेत, पण भरभर वाचतात... मग हिवताप आला आणि पंधरा दिवसांत ती गेली. पस्तिशीही नव्हती गाठली.

मी पोचले तेव्हा अंगणात तोच वाद चालला होता. पाद्री म्हणत होते, आत गुलमोहराखाली चांगली जागा आहे. दानियल म्हणत होता, "भाईर." दुसरा शब्द नाही. पाद्री म्हणाले, "पण बाहेरची जमीन पवित्र केलेली नाही." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मग करा. तुमचंच काम आहे ना ते?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. कुंकू नसलेली, गळ्यात क्रूस नसलेली ही कोण बाई, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी पुस्तक उघडलं, पानं चाळली. बाप्तिस्मा झालेला, जाणत्या वयात मंडळीत पक्कं करून घेतात ते दृढीकरण झालेलं, गेल्या रविवारीसुद्धा अंगात ताप घेऊन तिनं प्रभुभोजन घेतलेलं, तेही त्यांच्याच हातून. पुस्तक मिटून ते म्हणाले, "नाही म्हणता येत नाही." मला वाटलं, सगुणा ऐकत असती तर तिनं मला चिमटा काढला असता.

लिंबाखाली खड्डा तयार होता. बाळाच्या जागेवर दगड नव्हता, खूण नव्हती, गवत वाढलेलं. पाद्रींनी वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता ते एक पाऊल बाजूला सरकले. शांतवनमामा, म्हातारा, कमरेत वाकलेला, पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "आवं साहेब, तितं पाय ठिवू नका. नातू हाय माजा." पाद्री थबकले. त्यांनी पायाखाली बघितलं, मग खड्ड्याकडं, मग दानियलकडं. कुणी काही समजावून सांगितलं नाही. ते मागं सरकले, फिरून अशा जागी उभे राहिले की खड्डा आणि ते गवत दोन्ही त्यांच्यापुढं आलं. मग त्यांनी पुस्तकाची पानं परत उलटली आणि उपासना पहिल्यापासून वाचली. भरभर वाचली नाही. तेव्हा मी रडले. माती टाकायची वेळ आली तेव्हा शांतवनमामानं पहिली मूठ गवतावर टाकली, दुसरी सुनेवर.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला निघायचं ठरवलं होतं, पण पाय निघेना. संध्याकाळी दानियलनं तिची कळशी मला दिली, घेऊन जा म्हणाला. मी ती घेऊन चर्चमध्ये गेले आणि कुंडापाशी, जिथं ती ठेवायची तिथंच ठेवून दिली. तिची जागा तीच आहे. तेवढ्यात घंटा झाली. पाद्री आले, दिवा लावला, बाकांकडं बघितलं. कुणीच आलं नव्हतं. सायंप्रार्थनेला आता कुणी येत नाही, आल्या तर सगुणाबाईच, असं ते मला सकाळीच म्हणाले होते. त्यांनी पुस्तक मिटलं. मागच्या बाकावरून मी उठले आणि पुढं, तिच्या जागेवर जाऊन उभी राहिले. बाहेर सूर्य बुडत होता आणि माझं जेवण व्हायचं होतं. आता ते उद्यावर गेलं हे मला कळत होतं.

"मी आले आहे ना?" मी म्हटलं. "वाचा."