वानखडे सरांचे तीन ठोके

"पाच ठोके, सर," मी म्हणाले. वानखडे सरांनी डाव्या हाताने टेबलावर तीनच मारले. मी 'अनकम्फर्टेबल'चं कार्ड पुन्हा दाखवलं. पुन्हा तीन, आणि या वेळी जरा जोरात.

मी अकोल्यात स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर वाचा गेलेल्या पेशंटकडून शब्दातले आवाजाचे तुकडे मोजून घेणं हा आमचा रोजचा व्यायाम. या तुकड्यांना आम्ही सिलॅबल म्हणतो. अनकम्फर्टेबल म्हणजे अन-कम-फर-टे-बल, पाच ठोके. सर तेल्हाऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, म्हणून मुद्दाम इंग्रजी शब्द काढले होते.

होपफुलला दोन ठोके, बरोबर. अनब्रेकेबलला मात्र चाराऐवजी तीन. मला काही केल्या कळेना. हो-नाहीचे साधे प्रश्न विचारले, तर सर तोंड फिरवून पंख्याकडे बघत. डॉक्टरांना शनिवारी रिपोर्ट हवा होता. समज गेली असेल तर थेरपी बंद. आणि सरांच्या पत्नी, काकू, रोज मला दारातच गाठायच्या.

"मॅडम, माह्यं बोलणं त्यायले समजते का नाही, येवढंच सांगा मले."

शुक्रवारी मी वैतागून काकूंनाच आत बसवलं. 'अनकम्फर्टेबल' वाचला. सरांनी तीन ठोके मारले.

"बघा, परत चुकले."

"चुकले काहून? बराबर तं हाये!" काकू म्हणाल्या. "घरी ट्यूशन चाले न त्यायची. पोट्ट्यायले सांगत, पयले मधातलं धड धरा, मंग शिंगं अन् शेपूट. पुढं अन लागला, मांगं एबल लागला. झाले तीन."

मी कार्ड परत वाचलं : अन, कम्फर्ट, एबल. मी आवाज मोजत होते आणि सर अर्थाचे तुकडे पाडत होते. दहा दिवस मी त्यांच्या शीटवर लाल फुल्या मारल्या होत्या. फार लाज वाटली.

मी दोन बोटांनी पुढचं 'अन' आणि मागचं 'एबल' झाकलं. सरांचे ओठ हलले.

"कम्... फर्ट."

स्ट्रोकनंतरच्या दोन महिन्यांतला हा त्यांचा पहिला शब्द.

काकू रडत रडतच पुढे झाल्या. "अवो, माह्यं बोलणं समजते न तुमाले?"

सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

रिपोर्टात लिहिलं : समज शाबूत, थेरपी चालू ठेवावी. हल्ली फुली मारण्याआधी मी पेशंटला माझा प्रश्न कसा कळला, ते बघते. पुष्कळदा प्रश्नच चुकीचा निघतो.