चाक उलटून बघणारी आत्ती

बातमी इकबालभाईंनी सांगितली. मी साताऱ्यात कॉलेजच्या ग्रंथालयातून बाहेर पडत होते. इकबालभाईंचा फोन म्हणजे आधी मोठ्यानं "काय गं, जेवलीस का?" आणि मग काम. त्या दिवशी आवाज खाली होता. "आक्का गेली गं... दुपारी जेवून पडली हुती. चहाला हाक मारली तर उठलीच न्हाई." मी विचारलं, "दुकान?" ते म्हणाले, "शटर मीच लावलंय. तू ये." एसटीत बसल्यावर कराड येईपर्यंत मला रडूही आलं नाही. माणूस गेल्याचं ऐकल्यावर आपण दुकानाचं का विचारलं, याचीच लाज वाटत राहिली. आता काही आठवडे गेल्यावर वाटतं, तो प्रश्न तितका चुकीचा नव्हता. आत्ती आणि दुकान वेगळं करून मला कधी बघताच आलं नाही.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, शालन. इस्लामपुरात बाजाराच्या वाटेवर त्यांचं सायकलचं दुकान. आत्तीच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. मी लहान असतानाच मामा वारले, म्हणून त्यांचा चेहरा मला फोटोतलाच माहीत आहे. त्यांच्यामागं दुकान आत्तीनं चालवलं. शेजारी इकबालभाईंचं वेल्डिंगचं दुकान, मध्ये एकच भिंत. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे कुठं शिकायचं हे कॉलेज बघून नाही, कुणाच्या घरी राहता येईल हे बघून ठरलं. बारावीनंतर वडील मला आणि एका गाठोड्याला आत्तीच्या दारात सोडून गेले. आत्तीनं मला वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "हात धुऊन घे. न्हाईतर र्‍हाऊ दे, काळंच हुणार हाईत."

दुकानाच्या मागच्या भागात, खिडकीखाली, मामांनी स्वतः बनवलेलं लोखंडी स्टँड होतं. ज्यांनी सायकलचं दुकान फक्त बाहेरून बघितलंय त्यांच्यासाठी सांगते. सायकल खड्ड्यात आपटली की चाक फिरताना कधी डावीकडं, कधी उजवीकडं लचकत जातं. त्याला आमच्याकडं चाक आउट झालं म्हणतात. मग ते चाक काढून या स्टँडवर चढवायचं. जड पत्र्याच्या तळावर दोन उभे खांब, वर चाकाचा आस बसायला खाचा, आणि दोन्ही खांबांना आत वळलेला एकेक काटा. चाक फिरवायचं, रिम ज्या काट्याकडं झुकेल तिकडच्या तारा सैल करायच्या, समोरच्या आवळायच्या. रिम दोन काट्यांच्या बरोबर मधून जायला लागली की आउट निघाला. हे काम मामा करतात असंच गिऱ्हाइकांना बरीच वर्षं वाटायचं. मामा पुढं बसून पंक्चर, ब्रेक बघायचे. चाकं आत यायची आणि आत्ती ती करायची. मामांचा जीव घाईचा होता, त्यांना तारांपुढं इतका वेळ बसवायचं नाही.

मी सुट्टीच्या दिवशी तिच्यासमोर पोतं टाकून बसायचे. एक गोष्ट मला कळायची नाही. रिम अगदी मधोमध फिरायला लागली, मला वाटायचं झालं, तरी आत्ती चाक स्टँडवरून काढायची, उलटं करायची, म्हणजे डावी बाजू उजवीकडं, आणि परत चढवायची. आता रिम एका काट्याजवळ सरकलेली दिसायची. मग ती त्यातला निम्मा फरक तारांनी काढायची, परत उलटायची, परत बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "सवय. तू भाजी चाखून बगतीस का न्हाई? तसंच हाय." पण भाजी दर वेळी एकाच बाजूला खारट होत नाही... प्रत्येक चाक उलटल्यावर तेवढंच सरकायचं. कॉलेजात तेव्हा प्रॅक्टिकल सुरू झाली होती, उपकरणातच चूक असेल तर उत्तर कसं एकाच दिशेला चुकत जातं हे सर समजावत होते. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं म्हटलं, "आत्ती, चाक नाही, स्टँडच वाकडं आहे! डावा खांब झुकलाय."

आत्तीनं हातातली तारा आवळायची चावी खाली ठेवली आणि म्हणाली, "हळू बोल." दुकानात आम्ही दोघीच होतो. समोर मामांचा फोटो होता एवढंच.

त्यानंतर बरेच दिवस तिनं तो विषय काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही. मग एकदा शेंगा फोडता फोडता आपणहूनच सांगायला लागली. लग्न होऊन ती आली त्या वर्षी मामा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हंगामी कामाला होते. तिथं वेल्डिंग शिकले आणि हे स्टँड जोडलं. जोडलं ते जोडलं, ते गार व्हायची वाटसुद्धा बघितली नाही. गोणपाटात गुंडाळून कॅरिअरला बांधलं आणि खडबडीत वाटेनं घरी आणलं. "दारात आलं तवा गोणपाटाला वास येत हुता जळका. मला म्हणालं, हात लाव, अजून गरम हाय." गरम लोखंडाला वाटेत धक्के बसले, एक खांब झुकला. आत्तीला ते दोन-तीन महिन्यांत कळलं, कारण मधोमध केलेली चाकं सायकलीत बसवल्यावर ब्रेकला घासायची. तोपर्यंत मामा सगळ्या बाजारात सांगत सुटले होते, "आपल्या स्टँडवर केसाचा फरक न्हाई." आष्ट्याहून, पेठहून लोक चाकं घेऊन यायला लागले. आणि ते खोटं पडू नये म्हणून आत्ती प्रत्येक चाक उलटून, निम्मा फरक काढून, गुपचूप बरोबर करत राहिली. मामा जिवंत होते तेव्हाही, नंतरही.

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? दुसऱ्याचा नवरा लुगडं आणतो, माझ्यानं लोखंड आणलं. त्येला वाकडं म्हणू व्हय?" असं म्हणून ती हसली, आणि मला म्हणाली, "शेंगा फोड. खातीसच नुसती."

हे असंच चालत राहिलं असतं. पण माझ्या शेवटच्या वर्षाला विजयदादा सुट्टीवर आला. विजयदादा म्हणजे आत्तीचा एकुलता एक मुलगा, फौजेत आहे. तेव्हा आत्ती तापानं पडली होती. शिवा दूधवाला चाक घेऊन आला, कॅन घेऊन खड्ड्यात गेला होता. दादा म्हणाला, "मी करतो की. आबांच्या स्टँडवर तर करायचंय." मामांना तो आबा म्हणायचा. लहानपणी आईला बघितलेलं, हात चांगला होता. त्यानं रिम काट्यांच्या मधोमध आणली, नीट, सुरेख, आणि चाक देऊन टाकलं. आई चाक उलटते ती तिची सवय, असंच तो धरून होता; उलटून बघायलाच हवं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिवा परत आला तो चार लोकांच्या देखत ओरडतच. "पार अर्ध्या वाटेत ब्रेक धरला गड्या! फौजेत बंदूक तरी सरळ धरतोस का न्हाई?" लोक हसले. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. आतून आत्ती ऐकत होती. रात्री जेवताना दादा म्हणाला, "आबांचं स्टँड कवा चुकायचं न्हाई. माझाच हात ऱ्हायला न्हाई आता." त्याच्या मनात निवृत्तीनंतर दुकानात बसायचं होतं. त्या सुट्टीत तो परत त्याबद्दल बोलला नाही. स्टँडकडं तर गेलाच नाही.

दादा ड्यूटीवर गेला, आणि आत्ती मला म्हणाली, "पोरगं माज्यामुळं स्वताला नाव ठेवून गेलं." तिचं जेवण कमी झालं. मी म्हटलं, फोन कर, सांग. तर ती म्हणाली, "असलं फोनवर सांगत्यात व्हय? तिकडं डोंगरात बसून त्येनं काय करायचं? पुढच्या सुट्टीला येईल. तवा स्टँड सरळ असंल. त्येच्या हातानं त्येला बगू दे, मग सांगती." नवऱ्याच्या हातचं काम कापायचं हे तिनं त्या दिवशी ठरवलं. तरी इकबालभाईंना हाक मारायला तिला आणखी एक आठवडा लागला.

इकबालभाईंनी स्टँड बाहेर उजेडात आणलं. "आक्का, दोस्ताची निशाणी हाय. एकदा कापली की मागारी न्हाई."

"तुला कापायला बोलवलंय का भाषण करायला?"

डाव्या खांबाच्या बुडाशी रंगाचे थर चढले होते. इकबालभाई ते खरवडायला लागले आणि मध्येच थांबले. रंगाखाली, जोडाच्या बरोबर वर, करवतीची एक आडवी खाच होती. जुनी, आतून गंजलेली, नखाएवढी खोल. कुणीतरी खांब कापायला घेतला होता आणि सोडून दिला होता. वरून रंग मारला होता. त्या स्टँडला रंग मारणारं माणूस एकच होतं...

आत्ती खाली बसली. खाचेवरून नख फिरवत राहिली. इकबालभाई दुसरीकडं बघायला लागले. मग ती म्हणाली, "म्हंजी ह्यास्नी म्हाईत हुतं." मी म्हटलं, "मग मामा मध्येच का थांबले?" ती म्हणाली, "मला चाक उलटताना बगितलं आसंल." मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. मामांनी करवत खाली ठेवली ती कुठल्या दिवशी, त्यांना राग आला होता की हसू, हे मला माहीत नाही आणि आता कुणालाच विचारता येणार नाही. त्यांचा शब्द खोटा पडू नये म्हणून ती गप्प होती, आणि ती गप्प आहे म्हणून तेही गप्प राहिले असतील. मला संसारातलं काही कळत नाही. पण इतकी वर्षं एकाच खोलीत दोन माणसं एकमेकांना असं सांभाळत बसली होती, हे मला अजून नीट झेपत नाही.

आत्ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "इकबाल, त्याच खाचंतनं काप. त्यांनी सुरू केलंय, तू पुरं कर."

कापणं सोपं होतं. सरळ करणं अवघड गेलं. पहिल्यांदा इकबालभाईंनी खांब नीट उभा करून जोडला, आम्ही आत्तीचं एक खात्रीचं चाक चढवलं, उलटलं, तर आता फरक दुसऱ्या बाजूला! गार होताना जोडानं खांब आपल्याकडं ओढला होता. "लोखंड गार हुताना आकसतंय आक्का, त्येला मी काय करू?" "मघाशी दोस्ताला हासत हुतास न्हवं, घाई केली म्हणून?" आत्ती म्हणाली. परत कापलं. या वेळी आधी दोन बाजूंना वेल्डिंगचे नुसते ठिपके लावले, चाक चढवून उलटून बघितलं, मग थोडं इकडून, थोडं तिकडून जोडत गेले. प्रत्येक वेळी आत्ती म्हणायची, "हात लावू नका. गार हू दे." आम्ही तिघं उन्हात लोखंडाभोवती नुसतं बसून राहायचो. पक्के काटे काढून त्या जागी फिरवून पुढं-मागं होणारे स्क्रू बसवले. शेवटी आत्तीनं चाक चढवलं, फिरवलं, काढलं, उलटलं. रिमच्या दोन्हीकडच्या फटीत सारखाच उजेड. ती म्हणाली, "आता माझं काम संपलं की गं," आणि मी ते तेव्हा थट्टेवारी नेलं.

त्यानंतर मी पुढच्या शिक्षणासाठी साताऱ्याला आले. दादाची सुट्टी ठरली, मग पुढं गेली. दादा आला तो आईच्या कार्याला.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दादा शटर अर्धं उघडून दुकानात बसला होता. आत्तीनं जे सांगायचं ठेवलं होतं ते आता मलाच सांगायचं होतं, आणि मला भीती वाटत होती. आई-वडील दोघंही गेलेल्या माणसाला, तुझ्या वडिलांचं काम वाकडं होतं आणि आईनं ते लपवलं, हे कसं सांगायचं? मी त्याला नवा जोड दाखवला. गोणपाट सांगितलं, उलटायची चाकं सांगितली, करवतीची खाच सांगितली. बोलताना माझं पुढचं-मागचं होत होतं. माझं संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी त्या दिवशी माझा हात बरोबर हुता?"

"बरोबर होता दादा. तुला उलटायचं कुणी सांगितलं नव्हतं."

त्यानं तोंड फिरवलं. मग नाक पुसलं, फोन माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, "शिवाला लाव. म्हणावं, चाक घेऊन ये."

शिवा आला. त्या दिवशी त्याच्या तोंडात थट्टा नव्हती. मी हे सगळं छापायला देऊ का म्हणून दादाला विचारलं तेव्हा तो चाक चढवत होता. "दे की," म्हणाला, "आई-आबा दोघांचंबी लिही." स्टँडचे दोन्ही खांब रंग उडून काळे पडलेत, पण उजव्या खांबाला स्क्रूखाली एक रुपयाएवढी जागा आरशासारखी चकचकीत आहे. चाक फिरत असताना आत्तीचा अंगठा तिथं टेकलेला असायचा. दादानं चाक फिरवलं आणि वाकून बघायला लागला. त्याचा अंगठा आपोआप तिथंच गेला.