लाल ठिपक्याची प्लेट

दुसऱ्याच्या घरी बशी उलटी करून बघायची मला खोड आहे. पाहुण्यानं चहा संपवावा आणि बशीची पाठ तपासत बसावं, हे कुणाला आवडेल? बायको चारचौघांत चिमटा काढते. पण जुन्या विलायती चिनी मातीच्या भांड्याखाली कारखान्याचा छाप असतो, आणि तो बघितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नाही.

आमच्याकडे तसली एकच प्लेट. निळ्या नक्षीची, आईच्या माळ्यावर सापडलेली. पाठीवर मुकुटाचा निळा छाप आणि शेजारी एक लाल ठिपका. कागदावर छापलेली नक्षी भांड्यावर उतरवणारे कामगार कधीकधी आपली खूणही करत, एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. झालं! हा ठिपका विलायतेतल्या कुणा कारागीर पोरीचा, असं मी ठरवून टाकलं आणि येईल त्याला ऐकवत सुटलो. फार मिरवलं मी त्या ठिपक्यावर, खोटं कशाला बोलू.

परवा समोरच्या काकू कुरडया द्यायला आल्या. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून तिखट. हरवलेल्या एका प्लेटीवरून त्यांचं सावनेरच्या मोठ्या जावेशी कित्येक वर्षं बोलणं बंद आहे, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक. मलाही ठाऊक. तरी मी दीडशहाणा त्यांच्याच हातात प्लेट देऊन व्याख्यान झोडायला बसलो.

काकूंनी चष्मा सरळ केला आणि ठिपक्यावर नख घासलं. लाल टवका उडाला.

"कोणाचा म्हणतो गा हा?"

"कारागिराचा."

"कारागीर गेला खड्ड्यात! माहं नेलपॉलिश आहे हे!"

पूर्वी लग्नकार्यात नाश्त्यासाठी गल्लीभरच्या प्लेटा एकाच मांडवात जायच्या. परत ओळखायला प्रत्येक घराची आपली खूण. काकूंची ही. कुठल्या तरी कार्यानंतर त्यांच्या सहांतली एक आमच्या ढिगात आली असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून बायकोचं खुदखुदणं ऐकू येतच होतं.

"राहू दे गा तुलेच," असं काकू म्हणतील, अशी मला वेडी आशा. छे! प्लेट त्यांनी केव्हाच मांडीवर घेतली होती. पण उठायचं नावच घेईनात.

"रामटेकच्या रामाची शपथ घेतली होती तिनं," त्या म्हणाल्या. "मीच नाही ऐकलं. भरल्या घरात चोर म्हटलं मी तिले." पदरानं त्यांनी प्लेट पुसली. "फोन लाव गा. पण मी बोलू काय आता?"

मला वाईट वाटलं, अगदी आतून. नंबर त्यांना तोंडपाठ होता. मी लावून दिला. पलीकडून "हॅलो" आलं. काकू म्हणाल्या, "बाई, मी."

जावेचा म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"सापडली काय वं प्लेट?"